दातांवर पांढरे पट्टे, पाण्यात १.८ फ्लोराईड: मोजायचं काय आणि बदलायचं काय?

पत्र: "आमच्याकडे प्यायला आणि स्वयंपाकाला बोअरचं पाणी आहे. तपासणीत फ्लोराईड १.८ मिलिग्रॅम प्रति लिटर आलं. मुलगी आठ वर्षांची आहे, तिच्या वरच्या पुढच्या दातांवर पांढरे आडवे पट्टे दिसतात. मुलगा अडीच वर्षांचा, वजन १२ किलो. त्याला पेस्टची चव आवडते, थुंकायला सांगितलं की गिळतो. एका नातेवाइकांनी फ्लोराईडची पेस्ट ताबडतोब बंद करायला सांगितलं. प्रयोगशाळेनं दोघांच्या लघवीची तपासणी सुचवली. मुलांच्या पोटात किती फ्लोराईड जातंय हे नक्की कसं कळेल? मुलीचे दात पोकळ होऊन किडतील का? पेस्ट बंद करू का?"

ताई,

पेस्ट बंद करू नका, पण मुलाच्या ब्रशवरचं तिचं प्रमाण आज रात्रीपासून कमी करा. लघवीची तपासणी सध्या करू नका. पाणी मात्र बदलायलाच हवं, दोघांसाठीही, आणि मुलासाठी जास्त घाईनं.

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले आहेत. मुलीच्या दातांवर दिसतंय ते जुनं आहे. पुढच्या पक्क्या दातांचं इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, बाळ काही महिन्यांचं असल्यापासून हिरडीच्या आत तयार होत असतं, आणि ते दात बाहेर येतात सहा ते आठ वर्षांच्या सुमारास. म्हणजे तिच्या दातांवरचे पट्टे ती दोन-तीन वर्षांची असताना काय पोटात गेलं त्याची नोंद आहेत. आज तिची लघवी तपासली तर कालपासून आजपर्यंत काय गेलं तेवढंच कळेल. त्या आकड्यावरून पट्ट्यांचं कारण सिद्ध होणार नाही आणि खोटंही ठरणार नाही. मुलाचं उलट आहे. त्याचे पक्के दात आत्ता घडत आहेत, दिसत काहीच नाही, आणि तुम्ही आज जे कराल त्याचा परिणाम त्याच्या दातांवर चार-पाच वर्षांनी दिसेल. म्हणून मोजमाप मुलाचं करायचं, तेही पोटात काय जातं त्याचं.

कोणत्या आकड्याशी तुलना करायची ते आधी सांगते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं १९९७ मध्ये दोन पातळ्या दिल्या, आणि जगभर आजही त्याच आसपासच्या वापरात आहेत. सगळ्या मार्गांनी मिळून वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.०५ मिलिग्रॅम हे पुरेसं मानलं जातं, आणि आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ०.१ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. तुमच्या १२ किलोच्या मुलासाठी याचा अर्थ दिवसाला ०.६ मिलिग्रॅम पुरेसं, १.२ ही हद्द. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी दिलेला १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर हा आकडा पाण्याचा आहे, मुलाचा नाही. पाणी १.२ असूनही एखादं लहान मूल खूप पाणी पीत असेल आणि पेस्ट गिळत असेल तर हद्द ओलांडतं.

आता प्रत्यक्ष मोजायचं कसं.

सुरुवात पाण्याच्या रिपोर्टपासून करा, कारण पुढचं सगळं गणित त्या १.८ वर उभं आहे. प्रयोगशाळेला विचारा की कोणत्या पद्धतीनं मोजलं. साधारण दोन पद्धती असतात. एकात फ्लोराईडची इलेक्ट्रोड वापरतात. तिच्या टोकाला लॅन्थॅनम फ्लोराईडचा स्फटिक असतो आणि तो फक्त मोकळ्या फ्लोराईड आयनांना ओळखतो. पाण्यात ॲल्युमिनियम किंवा लोह असेल तर ते फ्लोराईडला धरून ठेवतं आणि इलेक्ट्रोडला ते दिसतच नाही. म्हणून नमुन्यात टिसॅब नावाचं द्रावण घालतात, बहुतेकदा नमुन्याइतकंच. ते फ्लोराईडला सोडवतं, पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) पाच ते साडेपाचच्या आसपास आणतं आणि पाण्यातल्या एकूण क्षारांचा फरक झाकून टाकतं. ते न घालता मोजलं तर आकडा कमी येतो. दुसरी पद्धत रंगाची, तिला स्पॅड्न्स म्हणतात. फ्लोराईडमुळे तांबडा रंग फिका पडतो आणि तो फिकेपणा यंत्र मोजतं. या पद्धतीची थेट मोजणी साधारण १.४ पर्यंतच भरवशाची असते, त्यावरचा नमुना आधी शुद्ध पाण्यानं पातळ करावा लागतो. तुमचा आकडा १.८ आहे, म्हणून "नमुना पातळ केला होता का?" हा प्रश्न जरूर विचारा. शिवाय टाकीत क्लोरीन टाकलेलं असेल तर क्लोरीनही तोच रंग उडवतं आणि फ्लोराईड आहे त्याहून जास्त दिसतं. पर्याय असेल तर इलेक्ट्रोडची तपासणी घ्या.

दुसरा नमुना असा द्या. प्लास्टिकची अर्धा लिटरची स्वच्छ बाटली, काचेची नको, कारण काच फ्लोराईड धरू शकते. ज्या नळाचं पाणी मुलं पितात त्याच नळाखाली बाटली तीनदा त्याच पाण्यानं विसळायची, मग भरायची. त्यात काहीही घालायचं नाही. प्लास्टिकमध्ये फ्लोराईड चार आठवडे तसंच राहतं, त्यामुळे धावपळ नको. एकच पाणी दोन बाटल्यांत भरून त्यांवर वेगवेगळी नावं घाला. दोन्ही आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर ती प्रयोगशाळा बदला. हा खर्च वाया जाणारा नाही. आणि भूजलाची पातळी ऋतूप्रमाणे बदलते, तसं फ्लोराईडही बदलतं. म्हणून एक नमुना पावसानंतर आणि एक कोरड्या महिन्यांच्या शेवटी घ्या. बाजारातल्या रंगपट्ट्या "खूप आहे की नाही" एवढंच सांगतात, ०.८ आणि १.२ मधला फरक सांगत नाहीत.

मग मुलाच्या पोटात या पाण्यातलं किती जातं ते. तीन दिवस मोजा, त्यातला एक सुट्टीचा असू द्या, कारण बाहेर असताना आणि घरी असताना मुलाचं पाणी पिणं वेगळं असतं. मापाच्या भांड्यानं त्याचा नेहमीचा पेला एकदा मोजून ठेवा आणि प्रत्येक वेळी भरलेलं वजा उरलेलं असं लिहा. सांडलेलं पोटात गेलेलं नसतं, हे सगळेच विसरतात. स्वयंपाकातलं पाणी पण धरायचं. अन्नात मुरलेलं पाणी त्याच्या वाट्याला किती आलं याचा अंदाज करा: शिजवताना किती पाणी घातलं आणि त्यातला कितवा भाग त्यानं खाल्ला. उकळून वाफ झालेलं पाणी वजा करू नका. वाफेबरोबर फ्लोराईड जात नाही, ते भांड्यातच राहतं. पाणी उकळून प्यायल्यानं फ्लोराईड कमी होतं असं अनेकांना वाटतं. खरं तर उकळल्यानं ते थोडं दाट होतं. चहा देत असाल तर तोही लिहा. चहाचं झाड पानांत फ्लोराईड साठवतं, आणि साध्या पाण्यात केलेल्या चहातही लिटरमागे एक ते पाच मिलिग्रॅम सहज असतं.

पेस्टसाठी घरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा वजनकाटा पुरतो. एका वेळची ब्रशवरची पेस्ट तोलायला तो काटा चालणार नाही, म्हणून ट्यूब तोला. आज वजन घ्या, दहा दिवस ती ट्यूब फक्त मुलासाठी वापरा, पुन्हा वजन घ्या. दिवसातून दोनदा म्हणजे वीस वेळा ब्रश. पंधरा ग्रॅम कमी झाली तर एका वेळी ०.७५ ग्रॅम. आता ट्यूबवर फ्लोराईड किती ते वाचा. पीपीएममध्ये लिहिलं असेल तर सोपं आहे, १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. टक्के लिहिले असतील तर घोटाळा होतो, कारण ते टक्के संयुगाचे असतात, फ्लोराईडचे नाहीत. सोडियम फ्लोराईड ०.२२ टक्के म्हणजे १००० पीपीएम, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के म्हणजे पण १००० पीपीएमच, आणि स्टॅनस फ्लोराईड ०.४५४ टक्के म्हणजे ११००. ०.७६ मोठा आकडा दिसतो म्हणून ती पेस्ट जास्त कडक नसते.

गिळलेली पेस्ट मोजायची शास्त्रीय रीत अशी: ब्रशवर किती घेतली ते तोलायचं, मग थुंकलेलं, चूळ भरलेलं आणि ब्रश धुतलेलं सगळं पाणी एका प्लास्टिकच्या भांड्यात गोळा करून त्यातलं फ्लोराईड मोजायचं, आणि वजाबाकी करायची. पण पेस्ट मोनोफ्लोरोफॉस्फेटची असेल तर त्यातलं फ्लोराईड फॉस्फरसला बांधलेलं असतं, आणि आम्लानं ते तोडून घेतल्याशिवाय इलेक्ट्रोडला दिसत नाही. तोडायचं राहिलं तर थुंकलेल्यात कमी सापडतं आणि मुलानं प्रत्यक्षापेक्षा खूप जास्त गिळलं असा निष्कर्ष निघतो. घरी याची गरज नाही. दोन-अडीच वर्षांचं मूल ब्रशवरच्या पेस्टपैकी निम्म्याहून जास्त गिळतं, हे अनेक ठिकाणच्या मोजणीत दिसलं आहे. हिशेबाला आपण साठ टक्के धरू.

आता बेरीज. समजा तीन दिवसांची सरासरी पिण्याचं आणि अन्नातलं मिळून ९०० मिली आली. ०.९ गुणिले १.८ म्हणजे १.६२ मिलिग्रॅम पाण्यातून. पेस्ट ०.७५ ग्रॅम दोनदा, १००० पीपीएम, म्हणजे तोंडात १.५ मिलिग्रॅम, त्याचे साठ टक्के ०.९ पोटात. अन्नाचं स्वतःचं, पाणी सोडून, साधारण ०.१ धरा. एकूण २.६२. भागिले १२ किलो, म्हणजे किलोमागे ०.२२. हद्दीच्या दुपटीहून जास्त.

तुमच्या नातेवाइकांचा सल्ला या हिशेबात घालून बघा. पेस्ट पूर्ण बंद केली, पाणी तेच ठेवलं, तर १.७२ उरतं, किलोमागे ०.१४. म्हणजे पेस्टचं संरक्षण गेलं आणि हद्द तरीही ओलांडलेलीच. उलट पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी केली, म्हणजे सुमारे ०.१ ग्रॅम, आणि ती सगळी गिळली असं मानलं, तरी दिवसाला ०.२ मिलिग्रॅम जातं. त्यासोबत पाणी ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटरचं मिळालं तर पाण्यातून ०.१८, अन्नातून ०.१. एकूण ०.४८, किलोमागे ०.०४. मुलगा हद्दीच्या खूप आत येतो आणि पेस्टही चालू राहते. माझे ९०० मिली आणि ०.७५ ग्रॅम काढून तुमचे खरे आकडे घाला. उत्तर थोडं हलेल, पण पाणी सगळ्यात मोठा वाटेकरी आहे हे चित्र बदलण्याची शक्यता कमी आहे.

पेस्टबद्दल मी एवढी आग्रही का? फ्लोराईडचा कीड रोखणारा उपयोग मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर होतो, पोटातून नाही. खाल्ल्यावर तोंडातले जिवाणू आम्ल करतात, पीएच साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधले खनिज विरघळू लागतात, आणि लाळेत थोडं फ्लोराईड असेल तर ते खनिज परत बसायला मदत होते. नवं बसलेलं खनिज पुढच्या आम्लाला जास्त टिकतं. त्यासाठी तोंडात वारंवार थोडं फ्लोराईड लागतं. दुष्परिणाम मात्र पोटात गेलेल्या फ्लोराईडचा असतो, रक्तातून हिरडीतल्या घडत्या दातापर्यंत पोचणाऱ्याचा. इनॅमल पक्कं होताना त्यातली प्रथिनं बाहेर पडून जागा खनिजानं भरायची असते. फ्लोराईड जास्त झालं की प्रथिनं निघायला उशीर होतो आणि इनॅमलच्या आत बारीक छिद्रं राहतात. तीच पांढरी दिसतात. त्यामुळे सगळी युक्ती एवढीच: दाताला लागलं पाहिजे, पोटात कमी गेलं पाहिजे. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट नेमकं तेच करते. "लहान मुलांची" म्हणून मिळणाऱ्या ५०० पीपीएमच्या पेस्टकडे वळू नका. कीड रोखण्याचा भक्कम पुरावा १००० पीपीएम आणि त्यावरचाच आहे. प्रमाण कमी करायचं ते पेस्टचं करा, तिच्यातल्या फ्लोराईडचं नको.

ब्रश तुम्ही करा, मुलाच्या हातात ट्यूब देऊ नका. पेस्ट ब्रशच्या केसांत दाबून चोळा, वर फुलवून ठेवलेली चाटून जाते. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी चालेल, साधारण पाव ग्रॅम. आणि ट्यूब त्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. किलोमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराईड एकदम पोटात गेलं तर ती दवाखान्यात नेण्याची वेळ समजतात. तुमच्या मुलासाठी ते ६० मिलिग्रॅम होतं, आणि १००० पीपीएमच्या १०० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. कमी खाल्ली असेल आणि मळमळत असेल तर दूध पाजा, त्यातलं कॅल्शियम फ्लोराईडला बांधतं, आणि डॉक्टरांना फोन करा. अर्धी ट्यूब किंवा त्याहून जास्त गेली असा संशय असेल तर थांबू नका.

आता पाणी. कॅन्डलचा फिल्टर, यूव्ही, साधा कोळशाचा फिल्टर यांपैकी कशानंही फ्लोराईड जात नाही. आरओनं जातं, चांगल्या मेम्ब्रेननं साधारण ८५ ते ९५ टक्के. पण इथे एक गोष्ट हमखास चुकते. अनेक यंत्रांत चव आणि क्षार राखण्यासाठी एक छोटी झडप असते, ती कच्चं पाणी थेट शुद्ध पाण्यात मिसळते. बसवणारा माणूस ती चवीच्या हिशेबानं उघडतो. तुमच्याकडे तीस टक्के कच्चं पाणी मिसळलं तर बाहेर येणाऱ्या पाण्यात १.८ चे तीस टक्के, म्हणजे ०.५४, तसेच येतात, त्यात मेम्ब्रेनमधून निसटलेलं धरलं की ०.६७ च्या आसपास. ती झडप पूर्ण बंद करून घ्या. टीडीएसच्या (पाण्यातल्या एकूण विरघळलेल्या क्षारांच्या) मीटरनं फ्लोराईड मोजता येत नाही, मात्र बाहेरच्या पाण्याचा टीडीएस महिनोन्महिने चढत असेल तर मेम्ब्रेन संपत आल्याची ती खूण आहे. यंत्र बसवल्यावर आठवड्यानं आणि मग दर सहा महिन्यांनी बाहेरच्या पाण्याचं फ्लोराईड तपासा. वाया जाणाऱ्या नळीच्या पाण्यात फ्लोराईड आणखी दाट होतं, ते स्वयंपाकात वापरू नका.

ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा फिल्टर हाही चांगला मार्ग आहे, वीज लागत नाही. त्याचे दाणे फ्लोराईड धरत जातात आणि एक दिवस भरतात. भरल्यावर चवीला, रंगाला, वासाला काहीच कळत नाही, फ्लोराईड मात्र पुन्हा पूर्ण येऊ लागतं. पाणी अल्कधर्मी असेल तर दाणे आणखी लवकर भरतात. त्यामुळे तो घेतलात तर सुरुवातीला दर महिन्याला तपासा आणि किती लिटरनंतर आकडा चढू लागतो ते लिहून ठेवा. तुमच्या पाण्यासाठी तोच खरा बदलण्याचा आकडा, डब्यावर छापलेला नाही.

स्वयंपाकालाही तेच पाणी वापरा. प्यायला शुद्ध आणि शिजवायला बोअरचं, असं अर्धं काम फार घरांत होतं. आणि मुलगा दिवसाचा काही भाग पाळणाघरात किंवा नातेवाइकांकडे असेल तर घरचं पाणी बरोबर द्या.

लघवीची तपासणी का नको म्हटलं, ते नीट सांगायला हवं, कारण तुम्हाला ती सुचवली गेली आहे. लहान मुलांच्या शरीरात गेलेल्या फ्लोराईडपैकी साधारण ३५ टक्केच लघवीतून बाहेर येतं. बाकीचं बरंचसं वाढत्या हाडांत बसतं आणि थोडं शौचातून जातं. वर काढलेल्या २.६२ मिलिग्रॅमवर तुमच्या मुलाच्या लघवीत दिवसभरात ०.९२ च्या आसपास येईल. त्यानं त्या दिवशी ४०० मिली लघवी केली तर रिपोर्टवर २.३ मिलिग्रॅम प्रति लिटर दिसेल, ७०० मिली केली तर १.३. मूल तेच, फ्लोराईड तेवढंच, आणि एक रिपोर्ट घाबरवणारा, दुसरा दिलासा देणारा. त्यातही एका वेळची लघवी घेतली तर घोळ वाढतो, कारण फ्लोराईड पोटात गेल्यावर तासाभरात रक्तात शिखर गाठतं आणि काही तासांत उतरतं. ब्रश करून आल्यावरचा नमुना आणि पहाटेचा नमुना यांत मोठा फरक असतो. शिवाय लघवी आम्लधर्मी असेल तर मूत्रपिंड फ्लोराईड परत शोषून घेतं, अल्कधर्मी असेल तर जास्त बाहेर टाकतं. आहार बदलला की आकडा बदलतो.

याचा अर्थ ही तपासणी निरुपयोगी आहे असा नाही. एखाद्या वस्तीतल्या किंवा शाळेतल्या बऱ्याच मुलांची मिळून सरासरी काढायची असेल तर ती फार उपयोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पद्धतही गटासाठी तशीच वापरतात. पण तीही नीट करायला चोवीस तासांची लघवी लागते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी प्लास्टिकच्या एकाच भांड्यात जमा करायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली लघवी घेऊन थांबायचं. एकूण मिली मोजायचे, हलवून त्यातला नमुना द्यायचा, आणि क्रिएटिनिनही (स्नायूंतून रोज तयार होऊन लघवीतून जाणारा पदार्थ) तपासायला सांगायचं. वजनाच्या मानानं क्रिएटिनिन फार कमी आलं तर एखादी लघवी सुटली असं समजून तो दिवस रद्द करायचा. अडीच वर्षांच्या मुलाची अशी पूर्ण लघवी गोळा होणं किती कठीण आहे हे तुम्हाला सांगायला नको. त्याच पैशात पाण्याचे तीन-चार नमुने होतात आणि ते तुम्हाला करता येण्याजोगं काही सांगतात. मुलांपैकी कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सांगतील तसं करा. नखांतलं फ्लोराईड काही महिन्यांची सरासरी दाखवतं, म्हणून संशोधनात ते वापरतात. एका मुलाच्या निर्णयासाठी त्याचाही फारसा उपयोग नाही.

मुलीकडे वळते. आधी हे पट्टे खरोखर फ्लोराईडचे आहेत का ते बघा. दिवसा खिडकीशी बसवा, फ्लॅश नको, कापसानं दात हलके पुसून मिनिटभर कोरडे होऊ द्या. फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्त फ्लोराईडमुळे झालेले, पट्टे डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर जवळपास सारखे असतात, दाताच्या वाढीच्या रेषांसारखे बारीक आणि आडवे, कडा धूसर, आणि टोकाकडे जास्त. एकाच दातावर ठळक कडेचा पिवळट किंवा पांढरा डाग असेल तर बहुधा तिथे दुधाच्या दाताला कधी मार किंवा पू झालेला असतो. पहिल्या पक्क्या दाढांवर पिवळे-तपकिरी, ठिसूळ तुकडे असतील आणि थंड लागलं की ठणकत असेल, तर तो मोलर-इन्साइजर हायपोमिनरलायझेशन नावाचा वेगळा विकार असू शकतो, आणि त्याला खरंच लवकर उपचार लागतात. हिरडीलगत, खरखरीत, चुनखडीसारखा पांढरा पट्टा म्हणजे किडीची सुरुवात. या चौघांत फरक करणं हे डेंटिस्टचं काम आहे. त्यांना सांगा की फ्लोरोसिस किती आहे हे ठरवायच्या डीनच्या किंवा थायलस्ट्रप-फेयरस्कोव्हच्या श्रेणीत नोंद करून द्या. डीनच्या श्रेणीत दाताच्या पृष्ठभागाचा पाव भागाहून कमी भाग पांढरा असेल तर "अगदी सौम्य", निम्म्याहून कमी असेल तर "सौम्य", सगळा पृष्ठभाग बाधित आणि बहुधा तपकिरी डाग असतील तर "मध्यम", आणि खड्डे पडले असतील तर "तीव्र". दोन वर्षांनी पुन्हा बघाल तेव्हा तुलनेला नोंद लागेल, आठवण पुरणार नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून प्रकार सौम्य वाटतो. सौम्य फ्लोरोसिसचा दात पोकळ नसतो आणि किडायला जास्त सोपाही नसतो. फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यांनी १९०१ पासून कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये डागाळलेल्या दातांचा पाठपुरावा केला तेव्हा त्यांना हेच आश्चर्य वाटलं होतं, की डाग आहेत पण कीड कमी आहे. कारण पाण्यातलं फ्लोराईड आहे हे कळायला १९३१ साल उजाडलं. खड्डे पडलेल्या तीव्र प्रकारात मात्र इनॅमल तुटतं, कीड वाढते, आणि तिथे लवकर भरणं लागतं.

आठव्या वर्षी तिच्या अक्कलदाढा सोडल्या तर बाकी दातांच्या दिसणाऱ्या भागाचं इनॅमल घडून संपलेलं किंवा संपत आलेलं असतं, त्यामुळे नवे पट्टे उमटण्याची भीती आता फार नाही. पाणी तिच्यासाठीही बदला, कारण हाडं अजून वाढत आहेत. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामनं २०२४ मध्ये १.५ च्या वरच्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध असल्याचा निष्कर्ष मध्यम खात्रीनं दिला आहे, आणि तुमचं पाणी त्या रेषेच्या वर आहे.

पट्टे घालवायला सध्या काही करू नका. कोळशाची पूड, सोडा, आंबट रस, कडक ब्रश यांनी इनॅमल झिजतं आणि पट्टा तसाच राहतो. सौम्य पट्टे किशोरवयात आपोआप थोडे फिके होतात. तेव्हाही तिला खटकत असेल तर मायक्रोअब्रेजन किंवा रेझिन इन्फिल्ट्रेशन असे दात न कोरता होणारे उपाय आहेत. आत्ता तिला १००० ते १४५० पीपीएमची वाटाण्याएवढी पेस्ट दोन वेळा, एकदा झोपण्यापूर्वी नक्की. थुंकायचं, पण नंतर पाण्यानं खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे दातावरचं फ्लोराईड टिकतं. पाण्यातलं फ्लोराईड जवळपास शून्यावर आल्यावर तिच्या दातांना तेवढाच आधार उरणार आहे. पक्क्या दाढांच्या खोल खाचा डेंटिस्टकडून सीलंटनं बुजवून घ्या. फ्लोराईडच्या गोळ्या घेऊ नका. फ्लोराईडचा माउथवॉश मुलापासून दूर ठेवा. सोडियम फ्लोराईड ०.०५ टक्के असलेल्या १० मिली माउथवॉशमध्ये २.२६ मिलिग्रॅम असतं, म्हणजे एक घोट गिळला तरी त्याची दिवसाची हद्द जवळजवळ दुपटीनं ओलांडली जाईल. डेंटिस्टनं लावलेला वार्निश चालेल, तो दाताला चिकटून हळूहळू सुटतो आणि वर्षातून दोन-चारदाच लागतो.

घरात पुढे तान्हं बाळ आलं तर हा सगळा हिशेब आणखी कडक होतो. सहा किलोचं बाळ तुमच्या बोअरच्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध दिवसाला ८०० मिली प्यायलं तर १.४४ मिलिग्रॅम जातं, किलोमागे ०.२४, आणि तेही पेस्ट न लावता. आईच्या दुधात फ्लोराईड अगदी नगण्य येतं, आई हेच पाणी पीत असली तरी. पावडरचं दूध द्यावंच लागलं तर ते फक्त तपासलेल्या आरओच्या पाण्यात कालवा.

यंत्र बसल्यावर आणि पेस्टचं प्रमाण बदलल्यावर महिन्याभरानं मुलाचं तीन दिवसांचं मोजमाप आणि ट्यूबचं वजन पुन्हा करा, त्याचं तेव्हाचं वजन घेऊन भागा. आकडा किलोमागे ०.०७ च्या वर आला तर आधी बाहेरून पिऊन येणारं पाणी शोधा, मग झडप बघा, मग पेस्ट कोण लावतं ते बघा. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हातून ब्रश फुलवून भरला जातो, असं पुष्कळदा निघतं.